जॉली बॉयसाठी अख्खा दिवस द्यावा का? (अंदमान, वंडूर)

सोनचाफा | ६ डिसेंबर, २१:४२

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमानला निघालोय. सासू-सासरे (दोघंही सत्तरीपुढचे, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात), आम्ही दोघं आणि चौथीतली लेक. सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील हे नक्की आहे. घोडं अडलंय ते एका दिवसावर. टूरवाल्याने त्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे घातलंय. मला त्याऐवजी वंडूरहून जॉली बॉय बेटावर जायचंय. तिथलं प्रवाळ काचेच्या तळाच्या होडीतून बघता येतं असं वाचलं.

टूरवाला म्हणतो, "मॅडम, तिथे काही नाही. ना हॉटेल, ना जेट स्की. मासे बघायचे आणि परत यायचं." धाकटे दीर म्हणतात मासेच बघायचे तर भाऊच्या धक्क्यावर जा, वाटा लावून देतील.

लेकीला समुद्रातल्या प्राण्यांचं भयंकर वेड आहे. पोहायला तिच्याशिवाय कुणालाच येत नाही. जाऊन आलेल्यांनी सांगा, एक दिवस देण्यासारखं आहे का?

---

उंटावरचा_शहाणा | ६ डिसेंबर, २१:५८

दिरांना +१. सोबत लिंबू घेऊन जा म्हणावं.

---

खारफुटी | ६ डिसेंबर, २२:३७

जरूर द्या. टूरवाला "तिथे काही नाही" म्हणतो ना, अगदी त्याच्यासाठीच जायचं.

वंडूर म्हणजे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. १९८३ मध्ये झालं. सुमारे २८१ चौरस किमी, त्यात १५ बेटं आणि मधल्या खाड्या. पर्यटकांना त्यातली दोनच बेटं उघडी असतात, जॉली बॉय आणि रेड स्किन, आणि तीही आळीपाळीने. नोव्हेंबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत साधारण जॉली बॉय, उरलेले महिने रेड स्किन. एक उघडं असताना दुसऱ्याला माणसांपासून सुट्टी. जानेवारीत तुम्हाला जॉली बॉयच मिळेल.

पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम, पण रिक्षावाल्याला दोन्ही कळतं) वंडूर तीसेक किमी. सकाळी लवकर निघावं लागतं. जेटीवरून मोठी बोट खारफुटीच्या खाड्यांमधून जाते, तासाभराचा प्रवास. हा तासच मला सगळ्यात आवडतो, पण ते माझ्या आयडीवरून कळलंच असेल.

बेटावर दुकान नाही, खानावळ नाही, मुक्काम नाही. दुपारी परत. वनखात्याचा परवाना आधी काढून ठेवा, ओळखपत्रं जवळ ठेवा. सोमवारी बंद असतं, टूरवाल्याच्या भरवशावर राहू नका.

---

रोखठोक | ६ डिसेंबर, २३:१०

दुसरी बाजू मांडतो. आम्ही गेलो होतो. पहाटे उठवून नेलं, जेटीवर पिशव्या उचकल्या, मुलांच्या वेफर्सची पाकिटं काढून घेतली, रांगेत ताटकळलो. मग त्या काचेखाली काय दिसलं? राखाडी ढिगारा. अधूनमधून एखादा मासा. नावाडी "देखो देखो ब्रेन कोरल" म्हणून ओरडतोय आणि आम्ही सहा-सात माणसं एकमेकांची डोकी बघतोय. शिवाय काचेच्या होडीची ठरलेली फेरी संपली की पुढच्या लांब फेरीचे वेगळे पैसे.

नॉर्थ बेला निदान सी-वॉक आहे, डोक्यावर हेल्मेट घालून चक्क समुद्राच्या तळावर चालता येतं. पोहता न येणाऱ्यांना उत्तम. आणि जुन्या लाल २० च्या नोटेवर जे दीपगृह आणि माड आहेत ना, ते दृश्य तिथलंच. नोट हातात धरून फोटो काढतात लोक.

---

घड्याळजी | ७ डिसेंबर, ०७:१५

ती नोट घरून शोधून न्या. २०१९ पासूनच्या नव्या २० च्या नोटेवर वेरूळ आहे. ती घेऊन नॉर्थ बेला उभं राहिलात तर संभाजीनगरकर म्हणून ओळखतील.

---

फिरस्ती_मावशी | ७ डिसेंबर, ०९:०२

सोनचाफा, गुडघ्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय.

जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट थोडी लांब थांबते आणि तिथून छोट्या काचेच्या होडीत उतरायचं. दोन्ही बोटी हलत असतात. पाय टाकायची वेळ साधावी लागते. बोटीवरची पोरं हात धरतात, अगदी आपुलकीने "अम्मा, रुको... अभी आओ" म्हणतात. माझेही गुडघे तुमच्या सासूबाईंच्याच पंथातले आहेत आणि मी उतरले. किनाऱ्यावर मात्र पाण्यात पाय टाकूनच उतरायचं, तेव्हा साडी नको. पंजाबी ड्रेस किंवा सुटसुटीत काहीतरी. मागे पट्टा असलेल्या रबरी चपला हव्यात, प्रवाळाचे मेलेले तुकडे वाळूत असतात आणि ते तळव्याला फार टोचतात.

ज्यांना पाण्यात जायचं नाही त्यांनी झाडाखाली चादर टाकून बसावं. सावली भरपूर. माझे मिस्टर तिथे घोरत होते आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगत होते की अंदमानात सगळ्यात चांगली जागा जॉली बॉय.

---

रोखठोक | ७ डिसेंबर, ०९:२०

घोरायला परवाना लागतो हे नव्हतं माहीत.

---

खारफुटी | ७ डिसेंबर, १३:४४

रोखठोक, तुम्ही कुठल्या महिन्यात गेला होतात?

राखाडी ढिगाऱ्याबद्दल तुम्ही म्हणता ते पूर्ण खोटं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रवाळ म्हणजे दगड वाटतो, पण तो बारीक बारीक प्राण्यांनी बांधलेला असतो. त्या प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. रंग त्याचाच, आणि अन्नाचा मोठा वाटाही तेच शिजवून देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंश-दीड अंशाने जास्त तापलं आणि आठवडे तसंच राहिलं, की हे शैवाल बाहेर टाकलं जातं. मग प्रवाळ पांढराफटक दिसतो. तेव्हा तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो. नाही निवलं तर मरतो आणि त्यावर शेवाळ चढून तुम्ही पाहिलात तसा राखाडी होतो. अंदमानात १९९८ आणि २०१० ला हे मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ लाही झालं. फांद्याफांद्यांचा, सांबरशिंगासारखा दिसणारा प्रवाळ आधी जातो. मोठे गोल धोंडे जास्त तग धरतात.

त्यामुळे चॅनलवर दिसतो तसा इंद्रधनुषी बगीचा कुणी डोक्यात ठेवून गेलं तर निराश होणार. जे आहे ते बघायला मात्र नजर लागते. माझ्यासमोर एका होडीत सगळे "निमो कुठाय" करत होते आणि बरोबर खाली राक्षसी शिंपला उघडा पडला होता. त्याची किनार निळी-जांभळी, मखमली, नागमोडी. होडीची सावली त्याच्यावर आली आणि त्याने ती किनार झटकन आत ओढून घेतली. सावली सरकली, पुन्हा हळूहळू बाहेर. मी नावाड्याला विनवण्या करून होडी दोनदा मागेपुढे करायला लावली. बाकीचे वैतागले.

---

शिंपलाताई | ७ डिसेंबर, १४:३०

ज्या कुणी वैतागल्या होत्या त्यातली एक मी असू शकते :)

चौथीतल्या मुलीसाठी एक सांगते. तिला पोहता येतं तर स्नॉर्केल (तोंडात नळी, डोळ्यांवर चष्मा, पाण्यावर तरंगत खाली बघायचं) करू द्या, लाइफ जॅकेट घालून, गाइडचा हात धरून. पोपटमासा प्रवाळावर चोच मारतो तो कटकट आवाज पाण्याखाली चक्क ऐकू येतो. खडीसाखर चावल्यासारखा. तो प्रवाळ दळून त्यातलं शैवाल खातो आणि उरलेलं पीठ मागून सोडतो, म्हणजे ती पांढरीशुभ्र वाळू बऱ्यापैकी त्याचीच कृपा. माझ्या भाच्याने हे ऐकल्यावर वाळूवर बसायला नकार दिला होता.

---

उंटावरचा_शहाणा | ७ डिसेंबर, १४:४१

हनिमूनवाल्या जोडप्यांना सांगू नका. वाळूत बदाम काढत असतात बिचारी.

---

रेवस_करंजा | ७ डिसेंबर, १८:०५

मुलीला आवड आहे तर सरळ सिंगापूरला का नाही नेत? डॉल्फिन शो, बोगद्यातून शार्क, सगळं वातानुकूलित. भारतात असं काही कधी होणार?

---

दूरदेशी_दादर | ७ डिसेंबर, १९:२२

सिंगापूरहून लिहितोय. सेंटोसावरचं जुनं अंडरवॉटर वर्ल्ड १९९१ ला सुरू झालं आणि २०१६ ला बंद पडलं. तिथे गुलाबी डॉल्फिनचे खेळ होते. आम्ही मुलांना घेऊन जायचो, खोटं कशाला बोला, तेव्हा मजा वाटायची. आता मोठी झालेली तीच मुलं मला ऐकवतात.

भारतात डॉल्फिनचे खेळ होणार नाहीत. केंद्राने २०१३ मध्येच डॉल्फिनेरियमना परवानगी द्यायची नाही असं ठरवलंय. आणि मला ते पटतं. रोज मैलोन्मैल पोहणारा प्राणी, त्याला हौदात चेंडू उडवायला लावायचं.

---

रेवस_करंजा | ७ डिसेंबर, १९:४०

मग तारापोरवाला मत्स्यालयही वाईट का? १९५१ पासून मुंबईच्या चार पिढ्यांनी मासे तिथेच पाहिले. प्रत्येकाला अंदमानचं विमान परवडत नाही साहेब.

---

दूरदेशी_दादर | ७ डिसेंबर, २०:०३

मासे आणि डॉल्फिन यांत फरक करतो मी. पण विमानाचा मुद्दा मान्य.

---

तांबडी_माती | ७ डिसेंबर, २०:३१

अंदमानाक कित्याक? येवा, मालवण आपलाच आसा.

मस्करी नाही करत. मालवणलाही सागरी अभयारण्य आहे, १९८७ चं, २९ चौरस किमीचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. तिथेही प्रवाळ आहे. किल्ल्याच्या तटाशी स्नॉर्केलिंग करतात ते अभयारण्याच्याच पाण्यात, किती जणांना माहीत आहे? आमच्या गावात तेव्हा या अभयारण्याला कडाडून विरोध झाला. कारण साधं. इथे हजारो माणसांचं पोट मासेमारीवर. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणाऱ्याला कुणी विचारलं नाही, नकाशावर रेघ मारली. वंडूरची ती बेटं निर्मनुष्य आहेत, तिथे नियम लावणं सोपं. मालवणच्या किनाऱ्यावर माणसं राहतात.

आणि खरं नुकसान कोण करतं? मोठ्या जाळ्यांचे पर्ससीनवाले आणि प्रवाळात पाव-बिस्किटं टाकून मासे गोळा करणारे फोटोवाले. आमचा गरीब गावकरी नव्हे.

---

खारफुटी | ७ डिसेंबर, २१:१८

तांबडी_माती, मालवणच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. वंडूरलाही किनाऱ्यावर गावं आहेत, पण तिथल्या लोकांना बोटी, गाइड, वनखात्याची कामं यांतून थोडं का होईना मिळतं. वंडूरलाच ॲनेट हे अभ्यासकेंद्र आहे, मद्रास क्रोकोडाइल बँकेच्या लोकांनी उभं केलेलं. तिथे कारेन समाजाची माणसं वर्षानुवर्षं कामाला आहेत. हे कारेन मूळचे ब्रह्मदेशातले, इंग्रजांच्या काळात अंदमानात आणलेले. समुद्र आणि जंगल दोन्ही त्यांच्याइतकं वाचता येणारे मी फार कमी पाहिले. संशोधक पेपर लिहितात, कासव कुठे येईल ते यांना विचारून.

पाव टाकण्याबद्दल तर बोलूच नका. पोपटमासा पाव खात बसला तर प्रवाळावरचं शैवाल कोण साफ करणार?

---

सोनचाफा | ७ डिसेंबर, २२:०९

बापरे, किती माहिती! सगळ्यांचे आभार. काही शंका:

प्लॅस्टिकचं नक्की काय करतात? सासऱ्यांच्या गोळ्या पाकिटात असतात.
सनस्क्रीन चालतं का?
आणि वंडूरला मगरी आहेत असं मिस्टरांनी कुठेतरी वाचलंय. त्यामुळे आता घरात नवा पक्ष तयार झालाय.

---

फिरस्ती_मावशी | ७ डिसेंबर, २२:३०

गोळ्यांना कुणी अडवत नाही, दाखवायच्या फक्त. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली, कॅरीबॅग, वेफर्स, बिस्किटांचे पुडे हे नाही. पाण्यासाठी अनामत घेऊन बाटल्या देतात, परत केल्या की पैसे परत. आपण स्टीलच्या बाटल्या नेल्या तर प्रश्नच नाही. डबाही स्टीलचाच.

---

खारफुटी | ७ डिसेंबर, २२:५५

सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन प्रवाळाला बाधतं म्हणून हवाईने २०२१ पासून तसल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली, पलाऊने २०२० पासून. सोपा उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. लेकीची पाठ उन्हात भाजणार नाही आणि दर तासाला चोपडायला नको.

मगरी आहेत. खाऱ्या पाण्यातल्या. खारफुटीच्या खाड्या हे त्यांचं घरच. वंडूरच्या किनाऱ्यावर ठळक पाट्या आहेत आणि पोहण्यासाठी जाळी लावून जागा राखलेली आहे. ती जाळी सोडून पाण्यात उतरायचं नाही, खाडीच्या तोंडाशी तर पायही बुडवायचा नाही. जॉली बॉयला गाइड सांगेल त्याच पट्ट्यात राहायचं. एवढं पाळलं की झालं. मिस्टरांच्या पक्षाला सांगा, पाट्या आहेत म्हणजे लक्ष आहे.

---

अक्कलखाती | ८ डिसेंबर, ०८:१२

वंडूरच्या वाटेवर सिप्पीघाट लागतं, डावी-उजवीकडे लक्ष ठेवा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळजवळ मीटरभर खचली आणि तिथली भातशेती कायमची खाऱ्या पाण्याखाली गेली. आता बगळे, पाणकोंबड्या, शेराट्या असतात. पक्षी बघणाऱ्यांची चंगळ आहे, पण ज्यांची शेतं गेली त्यांची काय? गाडीवाला बंगाली होता, त्याने बोट दाखवून सांगितलं, "वो हमारा खेत था." पुढे कुणी काही विचारलं नाही.

उलट उत्तर अंदमानात जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळाचे पट्टे उघड्यावर पडून मेले. एकाच भूकंपात एक टोक बुडलं आणि दुसरं वर आलं.

---

घड्याळजी | ८ डिसेंबर, ०८:५०

त्या उद्यानातल्या बेटांची नावं कुणी वाचलीत का? बोट, ग्रब, चेस्टर, प्लूटो, अलेक्झांड्रा, तारमुगली आणि एकाचं नाव चक्क स्नॉब. स्नॉब बेटावर प्रवेश बंद आहे हे ओघानं आलंच.

---

उंटावरचा_शहाणा | ८ डिसेंबर, ०९:०४

दुपारी १ ते ४ तर नक्कीच बंद.

---

पोहणं_येत_नाही | ८ डिसेंबर, ११:३६

शंख-शिंपल्यांबद्दल सावध करते. आमच्यासोबतच्या एका कुटुंबाने किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे उचलून बॅगेत टाकले. विमानतळावर क्ष-किरणात दिसले. बॅग उघडायला लावली, अर्धा तास गेला, तुकडे जप्त झाले, आजोबांना घाम फुटला. कडक प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या हे सगळं २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. म्हणजे कायद्याने वाघाच्या पंक्तीला. मेलेला तुकडासुद्धा नाही. दुकानातून शिंपल्याची वस्तू घेतलीत तर पावती जपून ठेवा.

---

शिंपलाताई | ८ डिसेंबर, १२:०१

आयडी असूनही मी काही उचललं नव्हतं हे नोंदवून ठेवते.

पाऊस लागला किंवा बोट रद्द झाली तर हाताशी एक पर्याय ठेवा. श्री विजयपुरममध्ये नौदलाचं समुद्रिका संग्रहालय आहे. बाहेरच्या अंगणात निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा सांगाडा मांडलाय. पिल्लू म्हणायचं, पण त्याच्या जबड्याशी उभं राहिलं की लेक तिथून हलणार नाही. आतमध्ये शंखशिंपले आणि प्रवाळ नावांसकट मांडलेत. जॉली बॉयच्या आदल्या दिवशीच दाखवलंत तर उत्तम, मग होडीत तीच सगळ्यांना सांगत सुटेल काय काय आहे ते.

---

खारफुटी | ८ डिसेंबर, १२:२०

रोखठोक, महिना?

---

रोखठोक | ८ डिसेंबर, १५:४७

ऑक्टोबर. दिवाळीच्या सुट्टीत.

---

खारफुटी | ८ डिसेंबर, १५:५२

मग तुम्ही गेला होतात ते रेड स्किन. आणि तिथला पावसाळा तेव्हा सरलेला नसतो, पाणी गढूळ असणारच. डिसेंबर ते एप्रिल पाणी निवळशंख असतं.

---

रोखठोक | ८ डिसेंबर, १६:१०

बेट ते बेट. वेफर्स तिथेही गेले असते.

---

अक्कलखाती | ८ डिसेंबर, १६:३३

सी-वॉकबद्दल. रोखठोक म्हणतात तसं पोहता न येणाऱ्याला त्यात थरार आहे, मी केलाय. पण रोज तेवढी माणसं त्याच तळावर चालणार असतील तर तिथे काय उरणार? तळाशी रेलिंग धरून उभं राहायचं, कुणीतरी खाऊ टाकतो, मासे तोंडाभोवती जमतात, फोटो निघतो, वर. ज्याला तेवढंच हवंय त्याने खुशाल करावं. प्राण्यांचं वेड असलेल्या मुलीला मात्र ज्या ठिकाणी मासा तिच्याकडे बघत नाही तिथे न्यावं, असं मला वाटतं.

---

दूरदेशी_दादर | ८ डिसेंबर, १७:०५

हे भारी बोललात.

---

तांबडी_माती | ८ डिसेंबर, १७:४०

सहमत. तरी परतीच्या प्रवासात मालवणाक येवाच. तिकडच्या माशांक नुसता बघूचा, हयसरच्यांक खाऊचा.

---

सोनचाफा | ९ डिसेंबर, २१:१५

ठरलं. जॉली बॉय. रॉस दुसऱ्या दिवशी दुपारी बसवलंय, नॉर्थ बे कापलं. टूरवाल्याने "तुमची मर्जी" असं ज्या सुरात म्हटलं त्यावरून त्याचं कमिशन कुठे होतं ते कळलं. आदल्या दिवशी समुद्रिका. लेकीने शिंपलाताईंची वाळूची गोष्ट शाळेत सांगून टाकलीये, बाईंची चिठ्ठी आली.

सासूबाई होडीत उतरायला तयार आहेत. सासरे म्हणतात मी झाडाखालीच बसेन, मावशींच्या मिस्टरांसारखा.

आता शेवटचं. डब्यात काय न्यावं? पाच माणसं, दुपारपर्यंत टिकायला हवं, हॉटेलवाला देईल ते छोले-भटुरे तिथे नकोत.

---

फिरस्ती_मावशी | ९ डिसेंबर, २१:४०

दशम्या घरूनच करून न्या, दुधातल्या, चार दिवस राहतात. शेंगदाण्याची चटणी कोरडी. गुळपोळीही टिकते, संक्रांत नुकतीच झालेली असेल. केळी तिथे मिळतात, सालं परत आणायची. लोणचं नको, डबा उघडला की वास सुटतो आणि मुंग्या येतात.

आणि बोट लागण्याची गोळी खाल्ल्याशिवाय कुणालाही दशमी देऊ नका.

---

उंटावरचा_शहाणा | ९ डिसेंबर, २१:४८

दीर येणार असतील तर त्यांच्यासाठी सुरमई वेगळी बांधून घ्या. स्टीलच्या डब्यात.

---

सोनचाफा | ९ डिसेंबर, २१:५५

दीर येत नाहीयेत. कुत्रा सांभाळायला ठेवलंय.